खर्जाची दुरुस्ती

खर्ज नीट लागला नाही तर वरची सारी इमारत डळमळते, हे तंबोऱ्याच्या सहवासात वाढलेल्या आपल्या घरांना सांगायला नको. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हा पाया पूर्वी माणसाहून उंच अशा डबल बासकडे असे. त्याला पडदे नसतात. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली पडद्यांची विजेवरची बास गिटार बाजारात आणली आणि तिला ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूक हे नाव दिले. परंतु कारखान्यात मिळालेली अचूकता जन्मभर पुरत नाही. लाकूड वाकते, पडदे झिजतात.

माझा एक विद्यार्थी दिवंगत वडिलांची अशीच जुनी, १९६०च्या दशकातील गिटार घेऊन आला. ती सुरात लागत नाही, तेव्हा विकावी किंवा नवा रंग देऊन शोभेला ठेवावी, असा घरात विचार चालला होता. मी म्हटले, “रंगाला हात लावू नका. आधी दांडी पाहू.”

चार जाड तारांचा ताण दांडी सतत सोसत असते. त्यासाठी तिच्या पोटात पोलादी सळई असते. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबली असता मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट राहावी. येथे ती पुष्कळच अधिक होती. जुन्या फेंडरमध्ये सळईचा नट दांडीच्या बुडाशी असल्याने दर वेळी दांडी सोडवावी लागते. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा तारा चढवून पाहणे. घाई केली तर सळई तुटते आणि वाद्य हातचे जाते.

दांडी सरळ झाल्यावर घोडी. तारेची लांबी ३४ इंच. बरोबर १७ इंचांवर बारावा पडदा. तेथे तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर एक हवा. दाबलेला चढा लागला तर तारेखालचा आधार मागे सरकवून तार लांब करायची. उतरता लागला तर पुढे घ्यायचा. १९५१च्या घोडीवर दोन तारांना मिळून एकच आधार होता, त्यामुळे तडजोड करावी लागे. १९५७च्या सुधारणेने प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार मिळाला.

आवाजाचे बटण फिरवताना खरखर होई; आतली धूळ साफ करताच ती थांबली. चुंबकावरची तांब्याची बारीक तार शाबूत होती, म्हणून तिला हात लावला नाही.

तारा बदलण्याचीही घाई केली नाही. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचा थोर वादक जेम्स जेमर्सन तार तुटल्याखेरीज बदलत नसे, असे सांगतात.

दुरुस्ती म्हणजे नवे करणे नव्हे. वडिलांच्या बोटांनी झिजलेली जागा तशीच राहिली, आणि सर्वांत खालचा स्वर, सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, खोलीच्या जमिनीतून पायांना जाणवू लागला. गिटार विकण्याचा विषय त्या घरात आता निघत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर तंबोरे, दिलरुबे गुंडाळून ठेवलेले असतील. मोडीत काढण्यापूर्वी एकदा जाणत्या कारागिराला अवश्य दाखवावेत.