पूर ओसरल्यावर घर आवरताना

पुराचं पाणी उंबरा ओलांडण्याआधीच पुष्कळदा मोरीच्या जाळीतून आणि संडासच्या भांड्यातून वर येतं. गटारं भरली की घाण उलटी फिरते. म्हणून पावसाळ्यात वाळू भरलेल्या दोन-चार पिशव्या तयार ठेवाव्यात; एक जाळीवर, एक भांड्यात घट्ट बसवायची.

सांगलीला ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी कित्येक दिवस हललं नाही. चिपळूणला 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी पहाटेच घरांत शिरली. पाणी गेलं, पण बायकांचं काम तेव्हा कुठे सुरू झालं.

घरात शिरल्याबरोबर खराटा हातात घेऊ नका. मेन स्विच बंद आहे ना? तिथवर पाण्यातून जावं लागत असेल, तर वायरमनलाच बोलवा. पंचनामा होण्याआधी सामान फेकायचं नाही. निदान फोटो काढून ठेवा.

गाळ ओला आहे तोवरच ओढून काढायचा, वाळला की पहार लागते. पायात गमबूट आणि हातात रबरी मोजे हवेतच. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू कातडीच्या एवढ्याशा भेगेतून शरीरात जातात, आणि टाचांना भेगा नाहीत अशा आपल्यात किती जणी? ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर पुराच्या पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आधी साबणाने घासून धुवायचं, मगच ब्लीचिंग पावडर. गाळावर टाकलेली फुकट जाते. लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर कालवून, फरशीवर दहा मिनिटं राहू द्यावी. मात्र तिच्यात संडासचं अॅसिड कधीही मिसळू नये. ‘दोन्ही घातलं की लख्ख निघतं,’ असं सांगणारी एखादी शेजारीण प्रत्येक आळीत असतेच! त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि न्हाणीघरासारख्या कोंदट जागेत तो जिवावर बेततो.

स्टीलची भांडी धुऊन उकळली की झालं. कापसाच्या गाद्या, लाकडी पोळपाट-लाटणं आणि भिजलेलं धान्य मात्र टाकायचंच, वरचा थर कोरडा दिसला तरी. जीव तुटतो, कबूल.

राहता राहिला रंग. दिवाळी तोंडावर आली की घरोघरी घाई होते, आणि ओल्या भिंतीवरचं डिस्टेंपर पापुद्रे धरून सुटतं. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, तर रंगाऱ्याला पुढच्या महिन्यात यायला सांगा.