हरिहरेश्वर परिसरातील पुरातत्त्वीय वारसा आणि अभ्यासक संस्थांचे कार्य

सावित्री नदीच्या मुखाजवळील हरिहरेश्वर हे पेशव्यांच्या भट घराण्याचे कुलदैवत म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि, या किनाऱ्याचा पेशवेपूर्व इतिहास जाणून घेण्यासाठी आसपासच्या गावांतील शिलालेख व ताम्रपटांकडेच वळावे लागते. उत्तरेस दिवेआगर येथे मिळालेला शके 982 (इ.स. 1060) चा ताम्रपट मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो.

अशा साधनांना कायद्याचे संरक्षण कितपत लाभते? केंद्राचा 1958 चा व राज्याचा 1960 चा स्मारकविषयक अधिनियम प्रामुख्याने अधिसूचित स्मारकांपुरता आहे. बांधावरचा वीरगळ किंवा देवळामागची गद्धेगाळ सहसा त्या यादीत नसते. ही उणीव अभ्यासक संस्थांनी अंशतः भरून काढली आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने 1910 मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, 1967 मधील भारतीय पुरातत्त्व परिषद आणि अलीकडची कोकण इतिहास परिषद यांपैकी कोणाकडेही वैधानिक अधिकार नाहीत. ठसे, वाचन, मोजमाप, छायाचित्रण आणि प्रकाशन एवढीच त्यांची साधने होत. ती अपुरी वाटतात, पण क्षुल्लक मुळीच नाहीत.

दिवेआगरचेच उदाहरण पाहावे. 1997 मध्ये तेथे जमिनीत गणपतीचा सुवर्णमुखवटा सापडला. 2012 च्या दरोड्यात दोन रखवालदारांचा बळी गेला व मुखवटा लुटला गेला. पुढे सोने हस्तगत झाले, परंतु ते वितळविलेल्या स्थितीत. 2021 मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. श्रद्धेच्या दृष्टीने ती पुरेशी असेल, पुरातत्त्वाच्या दृष्टीने मूळ वस्तू कायमची गेली. आता अभ्यासकाला तिच्या छायाचित्रांवर व वर्णनांवरच विसंबावे लागते.

याउलट, रत्नागिरीतील स्थानिक अभ्यासकांनी सड्यांवरील कातळशिल्पे गावोगाव हिंडून नोंदविली. पुढे 2022 मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाला.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा श्रीवर्धन तालुक्यास बसला. बागा व घरे यांच्या नुकसानीचे पंचनामे झाले. अधिसूचित नसलेल्या शिळांची मोजदाद करणे हे अशा पंचनाम्याचे काम नव्हे. ते काम महाविद्यालयांतील इतिहास विभागांना करता येण्याजोगे आहे. प्रत्येक अवशेषाचे स्थान, मापे व छायाचित्र नोंदवून एक प्रत ग्रामपंचायतीत आणि दुसरी संशोधन मंडळात ठेवावी. त्यासाठी उत्खननाचा परवाना लागत नाही.