बोलीत मुरलेले पाहुणे – ११ : नंबर

मागच्या भागातल्या ‘लाईट’ने परभणीत येऊन अंग चोरलं, इंग्रजीतले बाकीचे अर्थ सोडून तो निव्वळ वीज होऊन बसला. ‘नंबर’ने मात्र ऐसपैस मांडी घातली.

इंग्रजीत हा शब्द आधी आकडा असतो, आपल्याकडे तो आधी पाळी असतो. मानवतला किंवा सेलूला कापूस खरेदीच्या हंगामात गाड्यांची रांग लागते, तेव्हा “नंबर लागला का मामा?” या प्रश्नाचं उत्तर “कुठं! लई हायेत म्होरं,” असं येतं. आकडा ना विचारणाऱ्याच्या मनात, ना सांगणाऱ्याच्या. दवाखान्याच्या बाकावरची पिशवी आणि रेशन दुकानापुढची चप्पल, हेही नंबरच. मालक चहाला गेला तरी त्याचा नंबर जागेवर असतो.

खरी गंमत क्रियापदात आहे. रांगेत नाव नोंदवणं म्हणजे नंबर लावणं आणि फोन करणं म्हणजेही नंबर लावणंच. त्यात आता डॉक्टरकडचं नाव फोनवरून नोंदवायचं असतं. मग ऐकू येतं, “नंबर लावायला सकाळधरनं नंबर लावायलोय, पण नंबरच लागंना!” लंडनच्या माणसाला हे वाक्य समजावून सांगायला निदान एक कप चहा जाईल. वर पुन्हा पोरीचा मेडिकलला नंबर लागतो, तो तिसराच. त्याचे पेढे वाटतात.

मग आपली जुनी ‘पाळी’ कुठं गेली? ती शेतात आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटतं ती पाणीपाळी आणि कोळपं फिरतं तीही पाळीच. खिडकी, पावती, शिक्का असं जिथं सुरू होतं तिथून पुढे नंबर, असा माझा अंदाज.

अर्थात शेतालाही नंबर आहेच. सर्व्हे नंबर, गट नंबर आणि ज्याच्यावर भावाभावांचं बोलणं तुटतं तो सातबारा. तो तर निव्वळ दोन आकडे, गाव नमुना सात आणि बारा. पण नंबरची सगळ्यात मोठी सत्ता बियाण्यांवर. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने सोयाबीनचे वाण काढले, त्यांच्यापुढे ‘एमएयूएस’ ही विद्यापीठाच्या आणि सोयाबीनच्या इंग्रजी नावांतली अक्षरं लावली आणि कितीकांना चांगली नावंही दिली. एमएयूएस ७१ चं नाव ‘समृद्धी’. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात उभं राहून बघा, समृद्धी कुणी मागत नाही.

“एकाहत्तर हाय का?”

“संपलं. एकशे बासष्ट न्या काका, शेंग उंच लागती, हार्वेस्टरनं काढता येतं.”

बीटी कपाशी येण्याआधी ‘नांदेड चव्वेचाळीस’ने मराठवाडा असाच गाजवला. तुरीचा बदनापूरचा वाण ‘सातशे अकरा’. नावाने ओळखली गेली ती ‘परभणी क्रांती’ भेंडी. तिला नंबरची गरज पडली नाही.

माणसांना लागणारे नंबर वेगळेच. ‘एक नंबर’ म्हणजे उत्तम, मग ती वांग्याची भाजी असो की पाऊस. त्या हिशेबाने ‘दोन नंबर’ म्हणजे जरा कमी उत्तम व्हायला हवं, पण तो थेट काळा धंदा! एक आणि दोन यांच्यात एवढी दरी गणितातही नाही. पोलीस ठाण्यातल्या दहा नंबरच्या रजिस्टरमुळे ‘दस नंबरी’ आला. ‘नंबरी माणूस’ म्हणताना मात्र निम्मं कौतुकच असतं. चष्म्याला इंग्रजीत ‘पॉवर’ असते, आपल्याकडे तिथंही नंबरच.

आणि गाडीचा नंबर. पुण्याच्या सिग्नलला पुढच्या मोटारसायकलीवर ‘एमएच २२’ दिसलं की आपला माणूस काच खाली करून विचारतो, “परभणीत कुठले?” त्यावर “हिंगोलीचा” असं उत्तर आलं तर गाडी जुनी समजावी. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि पुढे त्याला ३८ मिळाला.

पुढच्या भागात : ‘पॉइंट’.