उंची वाढवायची आहे, डॉक्टर!

माझ्या बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. शेजारच्या मुलापेक्षा आपला मुलगा दोन बोटे ठेंगणा दिसतो म्हणून आई कासावीस झालेली असते. ‘उंचीचे एखादे औषध द्या’ असा तिचा आग्रह असतो. मी तिला वाढीचा तक्ता उघडून दाखवतो. उंची मोजल्याशिवाय आणि कारण शोधल्याशिवाय औषध नाही, हे गेली पंचवीस वर्षे मी सांगत आलो आहे. तोच मी 2024 च्या जूनमध्ये एका गॅरेजमध्ये उभा राहून म्हणालो, “गाडीची उंची वाढवून द्या.”

गाडी म्हणजे माझी 2006 सालची मारुती 800. या मोटारीचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. माझ्याकडची मात्र अजून रोज दवाखान्यात जाते. दर गुरुवारी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला बालतपासणीसाठी जायचे, तेही तिच्यातूनच. तिकडचा पाऊस आणि त्यानंतरचे रस्ते बेळगावकरांना निराळे सांगायला नकोत. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचे चेंबर घासू लागले होते. शिवाय आईचे गुडघे दुखतात. इतक्या खाली वाकून गाडीत बसणे तिला जड जाई. गाडी थोडी उंच झाली तर दोन्ही प्रश्न सुटतील, असा माझा सरळ हिशेब होता.

गॅरेजवाल्याने तासाभरात काम उरकले. पुढच्या स्ट्रटच्या माथ्यावर आणि मागच्या स्प्रिंगांखाली सुमारे 30 मिलिमीटर जाडीचे ठोकळे बसवले. भरीला मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये रबरी बफरही कोंबले. गाडी खरोखरच ऐटीत उभी राहिली. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे वळून वळून पाहिले.

पंधरा दिवसांत लक्षणे दिसू लागली. वळणावर गाडी झुकू लागली, कारण गुरुत्वमध्य वर सरकला होता. वेढ्यांत रबर अडकले की स्प्रिंगचा तेवढा भाग काम करीत नाही आणि ती कडक होते. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा गचका थेट पाठीच्या मणक्यापर्यंत पोहोचू लागला. पुढचे टायर एका कडेने झिजू लागले. आई एवढेच म्हणाली, “गाडी उंच झाली रे, पण तीत बसायला धीर होत नाही.”

जुलैच्या एका गुरुवारी परतताना पुढच्या चाकाकडून कटकट असा आवाज येऊ लागला. आई मागच्या आसनावर होती. दुसऱ्या दिवशी गाडी एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती जॅकवर घेतली, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले आणि मला खाली वाकायला सांगितले. ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आले होते, कारण वाढलेल्या उंचीमुळे शाफ्टचा सांधा सतत अधिक कोनात फिरत होता. त्याहून गंभीर गोष्ट शेजारीच होती. चाक खाली लोंबकळताच ब्रेकची रबरी नळी ताठ होत होती आणि तिच्या टोकाशी बारीक भेगा पडल्या होत्या. “बघा की डॉक्टर, ही तुटली असती तर?” मिस्त्री म्हणाले. मी उत्तर दिले नाही. घाटातले उतार आणि मागे बसलेली आई डोळ्यांपुढे आली.

मग त्यांनी जे केले ते मी आधीच करायला हवे होते. ठोकळे आणि बफर काढले. सपाट जागी गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजले. चालकाच्या बाजूचे अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा कमी भरले. स्प्रिंगा अठरा वर्षांच्या भाराने बसल्या होत्या, मागच्या एका शॉकअपमधून तेल झिरपत होते आणि स्ट्रटच्या माथ्यावरची रबरे चिंबली होती. गाडी मुळात बुटकी नव्हतीच. कारखान्यातून ती जमिनीपासून 170 मिलिमीटर मोकळी जागा घेऊन आली होती. त्यातलीच काही तिने वर्षानुवर्षे गमावली होती. मी रोगाचे निदान न करता लक्षणावर ठोकळा ठेवला होता.

नव्या स्प्रिंगा, चारही शॉकअप, रबरे, ब्रेकच्या नळ्या, शाफ्टचा बूट आणि शेवटी चाकांचे अलाइनमेंट एवढे झाल्यावर गाडी स्वतःच्या मूळ उंचीवर आली. चेंबर घासणे जवळजवळ थांबले. आईसाठी आसनावर घट्ट गादी घातली. तिच्या गुडघ्यांना तेवढे पुरले.

ज्यांना तरीही गाडी उंचवायची असेल त्यांनी आधी कायदा पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. अपघातानंतर विम्याच्या वेळीही असा बदल अडचणीचा ठरू शकतो. आणि एक साधी गोष्ट ध्यानात असू द्यावी: ठोकळ्याने वर जाते ते गाडीचे धड. चाकांना जोडणारा मागचा आस होता तेथेच राहतो, त्यामुळे मधला उंच दगड त्याला लागायचा तो लागतोच.

परवा पुन्हा एक आई उंचीचे औषध मागायला आली. मी नेहमीप्रमाणे तक्ता उघडला. या वेळी मात्र माझा आवाज थोडा मऊ होता. घाई का होते, ते आता मलाही ठाऊक झाले आहे.