अनाहूत ई-मेल आणि कायद्याचा दंड

टपालाने जाहिरात धाडणाऱ्यास प्रत्येक पाकिटामागे तिकिटाचा खर्च सोसावा लागे आणि त्या खर्चाच्या धाकानेच त्याच्या उत्साहास लगाम बसत असे. ई-मेलच्या बाबतीत मात्र एक पत्र धाडणे आणि दहा लाख पत्रे धाडणे यांच्या खर्चात नाममात्र अंतर उरल्यामुळे, आणि ती साठविण्याचा, गाळण्याचा व पुसण्याचा सारा भार घेणाऱ्यावर व त्याला सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर पडल्यामुळे, हा लगाम कायद्यालाच हाती घ्यावा लागला.

अमेरिकेत १ जानेवारी २००४ पासून अमलात आलेल्या ‘कॅन-स्पॅम’ कायद्याचा दंड प्रथमदर्शनी भयंकर वाटतो. नियमभंग करणाऱ्या एकेका ई-मेलमागे, २०२५ सालच्या दराने, ५३,०८८ डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. प्रेषकाची खोटी ओळख धारण करून किंवा परक्याचे संगणक बेकायदा वापरून पत्रांचा भडिमार करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परंतु न मागता जाहिरात पाठविणे हा मुळात तेथे गुन्हाच नाही! नाव व विषय खरे असावेत, टपालाचा पत्ता द्यावा आणि घेणाऱ्याने नकार कळविल्यास कामकाजाच्या दहा दिवसांत त्याचा अंमल करावा, अशी मुख्य बंधने. म्हणजे पहिले पत्र धाडण्याची मुभा सर्वांस, आणि नकाराचे श्रम मात्र ज्याने काहीच मागितले नाही त्याच्या माथी. शिवाय त्या त्रस्त माणसास या कायद्याखाली स्वतः फिर्यादही करता येत नाही. ही मला या कायद्याची मोठी उणीव वाटते. कॅनडाने २०१४ पासून अंमल सुरू केलेल्या कायद्यात आधी संमती, मग पत्र, असा क्रम ठेवला, ती संमती सिद्ध करण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर टाकली, आणि कंपनीस एक कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड ठरविला.

तथापि दंड कठोर असला म्हणजे तो टिकतोच असे नाही. व्हर्जिनिया राज्याच्या कायद्यानुसार, खोट्या उगमाची दहा हजारांहून अधिक पत्रे चोवीस तासांत पाठविल्याबद्दल जेरेमी जेन्स यास नऊ वर्षांची कैद फर्माविण्यात आली होती. पण २००८ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरविला, कारण व्यापारी जाहिरातीपुरता मर्यादित न राहिल्याने तो निनावी राजकीय वा धार्मिक मत मांडणाऱ्यासही गुन्हेगार ठरवीत होता. जेन्स दोषमुक्त झाला.

आपल्याकडेही हेच घडले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात, त्रास देण्यासाठी किंवा उगमाविषयी दिशाभूल करण्यासाठी पाठविलेल्या ई-मेलबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद सांगितलेली होती. परंतु त्या कलमाची भाषा इतकी सैल होती की २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुराबद्दल झालेल्या अटकेत तेच वापरले गेले, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते समूळ रद्द केले. ते रद्द होणे सर्वथा न्याय्यच होते. मात्र त्याबरोबर ई-मेलविषयीची ती तरतूदही गेली. दूरसंचार नियामकाची २०१८ ची नियमावली नकोशा व्यापारी कॉल व एसएमएसना लागू आहे, ई-मेलना नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीचे तत्त्व मानतो खरा, पण त्याचा विषय विदेचा वापर हा आहे, पत्रांचा उपद्रव हा नव्हे.

संसदेने यासाठी स्वतंत्र कायदा करावा. तो केवळ व्यापारी पत्रांपुरता असावा, पूर्वसंमतीचा पुरावा पाठविणाऱ्याकडून मागणारा असावा, आणि दंड वसूल करण्याचा अधिकार कोणत्या यंत्रणेस, हे त्यात निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेले असावे.