आधी विमानाचा प्रकार, मग उड्डाण

रिमोटवर उडणारे विमान घरात आले की मुलांना ते लगेच मैदानावर न्यायचे असते. अब्बा किंवा मामूंना आमचे सांगणे असे, की आधी मुलाबरोबर बसून ट्रान्समीटरच्या मेन्यूमधले ‘मॉडेल टाइप’ पाहा.

तिथे बहुधा विमान, ग्लायडर आणि हेलिकॉप्टर असे पर्याय असतात. साध्या विमानात पंखांवरची एलेरॉनची झडप आणि शेपटीवरची एलिव्हेटरची झडप वेगवेगळ्या सर्वो मोटरी हलवतात. शेपटी नसलेल्या त्रिकोणी विमानात पंखांवरच्या दोनच झडपा ही दोन्ही कामे करतात. तिथे ‘एलेव्हॉन’ हा पर्याय निवडावा लागतो. निवड चुकली तर स्टिक एकीकडे आणि विमान भलतीकडे!

बऱ्याच ट्रान्समीटरवर प्रकार बदलला की त्या मॉडेलची जुनी सेटिंग पुसली जातात. म्हणून हे काम सर्वांत आधी करावे. सर्वोची दिशा आणि ट्रिम त्यानंतर.

मग प्रोपेलर काढून ठेवावा आणि विमानाच्या मागे उभे राहून तपासावे. स्टिक उजवीकडे नेली की उजवे एलेरॉन वर आणि डावे खाली गेले पाहिजे. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर उठले पाहिजे. एक जरी हालचाल उलटी दिसली, तरी त्या दिवशी दुरुस्तीशिवाय उड्डाण नको. मैदानावर दुसऱ्यांचीही मुले खेळत असतात. भरवेगात फिरणारा प्रोपेलर बोट कापू शकतो. प्रत्येक उड्डाणाआधी ही तपासणी मुलानेच करावी आणि मोठ्यांनी शेजारी उभे राहून पाहावे, असे आम्हाला वाटते.