तळघरात पिकणारी बिअर

इंग्लंडची ‘रिअल एल’ ब्रुअरीत तयार होते, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. पिंप ब्रुअरीतून निघतं तेव्हा आतलं यीस्ट जिवंत असतं आणि बिअर आंबतच असते. उरलेलं काम पबच्या तळघरात होतं. तिथे ११ ते १३ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात पिंप आडवं ठेवतात, वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात आणि जादा वायू हळूहळू निघू देतात. फसफस ओसरली की तिथे टणक लाकडाची खुंटी बसते, म्हणजे उरलेला वायू बिअरमध्येच राहतो. गाळ तळाशी बसल्यावर लाकडी मुठीच्या हातपंपाने बिअर वर ओढायची. तळघर सांभाळणाऱ्याने इथे एक दिवस घाई केली, तर नामांकित ब्रुअरीची बिअरही गढूळ निघते.

पण नुसत्या कौशल्याने भागत नाही. पिंप उघडलं की जितकी बिअर बाहेर जाते तितकी हवा आत शिरते, आणि ताडीसारखीच हिचीही चव मग थांबत नाही. साधारण तीन दिवसांत पिंप संपलं पाहिजे. नेहमीच्या पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट मावतात. चार पंप चालवणाऱ्या पबला त्यामुळे रोज शंभरेक पाइंट खपवावे लागतात, तेही सोमवारच्या पावसाळी संध्याकाळी. चांगल्या रिअल एलसाठी जव, हॉप्स, पाणी आणि यीस्ट यांच्याइतकाच गल्लीतला नेहमीचा गिऱ्हाईक लागतो, तो असा. म्हणून ही बिअर टिकवायची तर ब्रुअरीपेक्षा आधी पब टिकवला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

हे कळायला इंग्रजांना वेळ लागला. १९६०च्या दशकात मोठ्या ब्रुअऱ्यांनी सोपा मार्ग काढला: बिअर गाळायची, पाश्चराइझ करायची, धातूच्या केगमध्ये भरायची आणि वायूच्या दाबाने ग्लासात सोडायची. वॉटनीजची ‘रेड बॅरल’ तिचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९७१मध्ये चार इंग्रजांनी याविरुद्ध ‘कॅमरा’ ही ग्राहकांची संघटना काढली, आणि गंमत म्हणजे ती स्थापली आयर्लंडमध्ये. भांडण बिअरच्या चवीचं होतं. पब कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न पुढे ऐरणीवर आला. १९८९च्या सरकारी आदेशांनी मोठ्या ब्रुअऱ्यांच्या हातातल्या पबच्या संख्येला लगाम घातला. त्यांनी पब विकले, पण ते बऱ्याच अंशी नव्या पब-कंपन्यांकडे गेले. त्यांच्या हिशेबात कित्येकदा बिअरपेक्षा इमारतीखालची जमीन मोलाची ठरली.

दक्षिण लंडनच्या ननहेडमधल्या ‘आयव्ही हाउस’वर हीच वेळ आली. ट्रूमन ब्रुअरीने १९३०च्या दशकात बांधलेल्या या पबने सत्तरच्या दशकात रॉक संगीताच्या मैफलीही पाहिल्या होत्या. २०१२मध्ये तो बंद पडला. रहिवाशांनी आधी इमारतीला वारसा-दर्जा मिळवून दिला आणि मग २०११च्या लोकॅलिझम कायद्याखाली ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून तिची नोंद करून घेतली. अशी नोंद झालेला हा देशातला पहिलाच पब. या नोंदीमुळे विक्री सहा महिने रोखून धरता येते. मात्र मालकाने शेवटी कुणाला विकायचं, हे कायदा ठरवत नाही, म्हणजे लोकांना मिळते ती फक्त पैसे उभे करण्याची मुदत. ननहेडकरांनी ती वाया घालवली नाही. कर्ज काढून त्यांनी २०१३मध्ये पब विकत घेतला आणि ३७१ भागधारकांच्या मालकीने तो पुन्हा उघडला.

क्राफ्ट बिअरचे चाहते विचारतील, आता केगमध्येही उत्तम बिअर येते, मग या तीन दिवसांच्या कटकटीचा अट्टहास कशाला? आक्षेपात तथ्य आहे. आजची क्राफ्ट बिअर रेड बॅरल नव्हे. तिच्यात हॉप्सचा कडूपणा आणि सुवास भरपूर असतो, आणि केग कितीतरी जास्त दिवस टिकते. कॅमरातही याची जाण आहे. सर्व प्रकारच्या बिअरच्या बाजूने उभं राहण्याचा ठराव २०१८मध्ये तिथे आला, तेव्हा लागणारी तीन-चतुर्थांश मतं थोडक्यात हुकली. शहाणा पबमालक दोन्ही ठेवतो, केगच्या भरवशावर पिंपाची जोखीम घेतो. पण केगमधली चव तयार होऊन येते आणि ती विमानतळावरही तशीच मिळते. पिंपातली चव त्या तळघरात घडते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि मराठी वाचकाच्या मनात तो पहिल्याच ओळीला आला असेल: दारूचा अड्डा वाचवायला गावाने पैसे का घालावेत? दारूने घरं उद्ध्वस्त होतात, हे नाकारून चालणार नाही आणि पब वाचल्याने ते थांबतही नाही. पण पब बंद झाला म्हणून पिणं बंद होत नाही; ते सुपरमार्केटच्या स्वस्त डब्यांसह घरी जातं. बऱ्याचशा रिअल एलमध्ये अल्कोहोल चार टक्क्यांच्या आसपास असतं, माप कायद्याने ठरलेलं असतं आणि झिंगलेल्याला दारू विकणं गुन्हा आहे. सुपरमार्केटलाही हा नियम लागू आहे, पण घरातला पाचवा डबा पाहायला तिथलं कुणी येत नाही. ब्रिटिश सरकारनेही हा फरक अंशतः मानला आहे. ऑगस्ट २०२३पासून ८.५ टक्क्यांहून कमी अल्कोहोलच्या, पंपातून किंवा नळातून दिल्या जाणाऱ्या बिअरवर बाटली-डब्यांपेक्षा कमी कर आहे. अट एवढीच, की भांडं किमान २० लिटरचं हवं. आत यीस्ट जिवंत आहे की नाही, हे करखातं विचारत नाही, त्यामुळे पिंपाइतकीच सवलत केगलाही मिळते.